पाठराखीण डोंगर

आंबेघोळ गावात एकाही घराची पाठ डोंगराकडे नाही. सगळी दारं त्याच्याकडे तोंड करून आहेत. पावसाची झड थेट चुलीपर्यंत येते, तरी कुणी दार फिरवत नाही. बंगल्यासाठी जागा बघायला येणारी शहरातली मंडळी हल्ली फेंगशुईवाला सोबत आणतात. तो होकायंत्र धरून सांगतो, "घरामागे डोंगर म्हणजे आधार. या लोकांनी घरं उलटी बांधलीत."

मग गावातल्या जुन्या हौसाक्का आपल्या ओट्यावरून म्हणतात, "आधार कुणाचा घेताय, ते तरी ऐकून जा."

पूर्वी इथे डोंगर नव्हता म्हणे, नुसता माळ होता. गावच्या पाटलांनी गढी बांधली, पण तिची मागची भिंत दर पावसाळ्यात खचायची. पाटलांनी जोशीबुवांना विचारलं. डोंगर म्हणजे धरतीचं स्थैर्य, देवांची बैठक, तो पाठीशी नसेल तर घर टिकत नाही, असं बुवांनी सांगितलं.

"डोंगर आणू कुठून?" पाटील म्हणाले.

"पाठ राखायला कुणीतरी द्या. माती आपोआप चढेल."

त्याच वर्षी पाटलांच्या घरी सून आली, चिमा. रीतीप्रमाणे तिच्याबरोबर माहेरची पाठराखीण आली, साळू. नव्या नवरीला परकं वाटू नये म्हणून चार दिवस राहायचं आणि परतायचं, एवढंच पाठराखिणीचं काम. साळू पोरकी, चिमाच्या बापाच्या घरी वाढलेली. तिची चौकशी करायला कुणी येणार नव्हतं.

तरीही पाटलीणबाईंना पाप एकटीच्या माथी नको होतं. साळू निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, "हिला इथंच ठेवून घेऊ का, कायमची?"

चिमा हरखली. "ठेवा की, आत्याबाई. मला सोबत होईल."

"आणि माझं लगीन कोण लावणार, तू?" साळू हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साळू कुठेच नव्हती. गढीमागे ताज्या मातीचा ढीग होता. चिमानं विचारलं, तेव्हा सासू म्हणाली, "तूच तर ठेवा म्हणालीस."

तो ढीग वाढत वाढत गढीच्याही वर गेला, असं सांगतात. चिमानं मागची भिंत फोडून तिथं दार काढलं आणि मरेपर्यंत डोंगराकडे पाठ केली नाही. तिचं पाहून गावानंही दारं फिरवली.

"गढी पडली असेल ना शेवटी?" ऐकणारे विचारतात.

"कशाला पडतेय? पाटलांच्या पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदल्या तिच्यात."

मागे एक फेंगशुईवाला हे सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे जागा जागृत आहे." डोंगराच्या पायथ्याचा प्लॉट त्याच आठवड्यात विकला गेला.

आजही आंबेघोळात पाठराखीण येत नाही. तिला वेशीवरूनच माघारी धाडतात आणि नवरी एकटी आत येते. गाव याला साळूचं प्रायश्चित्त म्हणतं. हौसाक्काही अशाच एकट्या आत आल्या होत्या. त्या म्हणतात, "पाप गढीचं. सोबत मात्र आमची काढून घेतली."