तिसरा ब्रश

"...ते सगळं ठीक हाय चाचा, पण ब्रश कुठला घेऊ?"

शमूचाचा चहा पीत होते. बशीतनं. फुंकर मारली, घोट घेतला, परत फुंकर मारली.

"चाचा, पावडरीला ब्रश कुठला?"

"किती दिवस झाले तुला माझ्याकडं?"

"तीन महिने."

"मग अजून मला विचारतोस?"

हे बघा, असलंच बोलतात. अख्ख्या तालुक्यात नाटकाच्या मेकअपला शमूचाचा मणेर म्हणजे शेवटचा शब्द. पण शब्दच नीट बोलत न्हाईत.

त्या दिवशी शिक्षकांच्या नाट्यस्पर्धेत तीन वाजता नाटक होतं. चाचांनी सकाळीच सांगितलेलं, "आज एक तोंड तुझं. बेस मी लावतो, पावडर तू बसवायची. जमलं तर राहा. नाहीतर उद्यापासून मामाच्या गिरणीत."

मला गिरणीत जायचं नव्हतं. तिथं पण तोंड पांढरंच होतं, पण टाळ्या वाजवत न्हाईत.

पेटीत ब्रश दोन. एक नवा, चकचकीत दांड्याचा. दुसरा जुना, बकरीच्या केसांचा, दांड्याला दोरा गुंडाळलेला.

"नवाच घेतो," मी म्हटलं. "मोबाईलवर सगळे असलाच वापरतात. मी लई व्हिडिओ बघितलेत."

चाचांनी बशी ठेवली.

"डोळे मीट."

मिटले. गालावरनं कायतरी फिरलं.

"हा?"

"टोचतोय."

परत फिरलं.

"हा?"

"ह्यानं गुदगुल्या होतायत."

"आणि हा तिसरा?"

...

"हा बेस्ट! लावलाय का न्हाय तेच कळंना."

डोळे उघडले. चाचांच्या एका हातात बशी, दुसऱ्यात बिस्किट. दोन्ही ब्रश पेटीत.

"लावलाच नव्हता," चाचा म्हणाले.

"मग मी घेऊ कुठला?"

"तिसरा."

"अहो, पण ब्रश दोनच हायत की!"

चाचांनी बिस्किट चहात बुडवलं. विषय संपला.

मी पेटी उचलून खालनं पण बघितलं. दोनच. असलं गणित आम्हाला शाळेत पण नव्हतं.

तेवढ्यात गणितच दारातनं आत आलं. हिंगमिरे सर. नाटकात न्यायाधीश.

आता सरांचं आणि माझं सांगायला पाहिजे. आठवीत असताना मी सरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकलेली. सर बसले ते वर्गात, उठले ते थेट हौदावर. तीन दिवस त्यांना उभ्यानं शिकवायला लागलं. मला काय तीन दिवस लागले न्हाईत, माझी शाळा त्याच दिवशी सुटली. कायमची.

चाचांनी सरांना बेस लावला आणि माझ्याकडं बोट केलं.

"पावडर हा बसवणार."

सर अर्धे उठलेच. "हा? चाचा, तुम्ही लावा की."

"माझा हात चहात अडकलाय."

सर माझ्या हातातल्या डब्याकडं बघायला लागले. "काय आहे रे त्यात?"

"पावडर, सर."

"फक्त पावडर?"

"आईशप्पथ, सर."

"तुझ्या शपथा मला माहितीयत, दिगंबर."

तरी बसले. डोळे मिटले, पण कसे! सगळं तोंड आवळून, वाळल्या लिंबागत. आणि चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, आवळलेल्या तोंडावर पावडर लावली की ती सुरकुत्यांत बसती आणि स्टेजवर दिव्याखाली तोंड भिंतीगत तडकतं.

मी जुना ब्रश उचलला. का उचलला, माहीत न्हाई. गुदगुल्यांनी सर हसतील, असं वाटलं असंल. डब्यात बुडवला, झाकणावर झटकला, कपाळाजवळ नेला.

तोंड अजून आवळलं.

मागं घेतला. परत नेला. परत आवळलं.

बाहेर पहिली घंटा झाली. मी चाचांकडं बघितलं. चाचा कपात बुडालेलं बिस्किट शोधत होते.

मग काय डोक्यात आलं, कुणास ठाऊक. ब्रश परत बुडवला आणि स्वतःच्या तोंडावरनं फिरवला. गालावर, नाकावर. मग कॉलर मागं ओढून मानेवर पण. खाजकुयली तिथंच जास्त चावती, हे मला माहीत. सरांना तर माझ्यापेक्षा जास्त.

सरांचा एक डोळा कधीचाच उघडला होता.

"थांब," ते म्हणाले. "मोजतो."

आणि खरंच मोजायला लागले. एक, दोन, तीन... मी पुतळ्यागत बसलो. तिसावर पावडर नाकात गेली. असली शिंक आली म्हणून सांगू! पण हललो असतो तर गिरणी. गिळली. शिंक गिळता येती, हे मला तेव्हा कळलं.

"...एकोणपन्नास. पन्नास."

सर माझ्या मानेकडं बघत होते. माझे हात मांडीवरच.

"खाजत नाही?"

"न्हाई, सर."

"...बरं."

सरांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. डोळे मिटले, पण आता नुसतेच मिटले. कपाळ एकदम मोकळं झालं. ह्या माणसाला कपाळ एवढं मोठं हाय, हे मला आठवीत कधी दिसलंच नव्हतं.

मी ब्रश फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी, मग पापण्या. म्हटलं, जरा जोरात लागला तर परत आवळतील. मी श्वास पण घेत नव्हतो.

झालं.

ब्रश खाली ठेवला. चाचा उठले, लांबनंच सरांचं तोंड बघितलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. परत जागेवर जाऊन बसले.

दुसरी घंटा झाली.

सर अजून डोळे मिटूनच.

"अरे लाव की आता, दिगंबर," ते म्हणाले. "किती वेळ बसायचं मी असं?"

मला कायच कळंना. सरांकडं बघितलं, ब्रशकडं बघितलं. मग चाचांजवळ जाऊन हळूच म्हटलं,

"चाचा, लावून झालंय की हो. आता काय लावू?"

चाचांनी बशी उचलली. फुंकर मारली.

"तिसरा."