फ्लोरा गाईचा लाकडी बदाम

एकदा काय झालं, पार तिकडे युरोपात एक एवढासा देश होता. अजून आहे, बरं का. नाव लिश्टनस्टाइन. हसू नका! या वेशीपाशी नाव घ्यायला लागलं, तर संपेस्तोवर ती वेस येते. इकडे ऱ्हाईन नदी, तिकडे डोंगर, की संपला देश. टेकडीवर किल्ला, किल्ल्यात राजा. पण कारभार एकट्याचा नाही हो, लोकांनी निवडलेली माणसंही असतात. वर्षातून एक दिवस राजा आपली बाग सगळ्यांना मोकळी करतो. आणि सैन्य? औषधालाही नाही.

तर तिथं आगाथा नावाची गुराखीण होती. उन्हाळ्यात गावाच्या गाई घेऊन ती डोंगरावरच्या कुरणात राहायची. थंडी पडू लागली की खाली यायची. सगळी गुरं धडधाकट असली, तर चांगल्या दुभत्या गाईंच्या कपाळाला रंगीत लाकडी बदाम बांधायचे. पत्त्यातला असतो ना, तसा. मग वाजतगाजत मिरवणूक. पण एक जरी गाय दगावली, तर कुणालाच बदाम नाही. मुकाट्यानं उतरायचं.

आणि निघायच्या दिवशीच फ्लोरा दिसेना. म्हाताऱ्या रोझाची एकुलती एक गाय ती. आगाथा तिला शोधायला निघाली. मग ती ओढ्याकाठी गेली. नाही. मग रानात शिरली. तिथंही नाही. मग खिंडीत चढली, तर पलीकडून घंटा ऐकू आली. बघते तर काय, बाईसाहेब परदेशात! तिथली वेस म्हणजे नुसता एक दगड. गाईला काय कळतंय?

पलीकडे ऑस्ट्रियात यॉर्ग नावाचा म्हातारा फ्लोराचा पाय शेकत बसला होता. कपारीत अडकलेली गाय त्यानं ओढून काढली होती, आणि स्वतःची रजई तिच्या पाठीवर घातली होती.

"तुमची होय? घेऊन जा. दूध काढून ठेवलंय, तेही न्या," तो म्हणाला.

आगाथाला रडूच फुटलं. "बाबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी बस, दूध पी," यॉर्ग म्हणाला.

मग मिरवणूक निघाली. लंगडत लंगडत फ्लोरा सगळ्यांत पुढे, कपाळावर बदाम. रोझानं तिच्या गळ्याला मिठीच मारली.

आता रीत अशी की तो बदाम आपल्या दारावर ठोकायचा. सगळ्यांनी ठोकला. रोझाचं दार मात्र तसंच राहिलं. गावकरी विचारात पडले. दुसऱ्या दिवशी रोझा काठी टेकत टेकत आगाथाबरोबर डोंगर चढली, त्या दगडापलीकडे गेली, आणि यॉर्गच्या दारावर आपल्या हातानं बदाम ठोकून आली.

तो तिथं सुखात, या इथं सुखात. फ्लोरा गोठ्यात निजली. आता गार्गे, पाय आत घे, तुझी रजई कुठं गाईला दिलीय? मिटा डोळे.