हजरत अलींच्या जागी सुलतान

इराणातल्या एका सुलतानाने मिर्झा रूहुल्ला नावाच्या कवीकडून आपल्या लढायांचं महाकाव्य लिहवून घेतलं. भर दरबारात वाचन सुरू झालं. रिवाजाप्रमाणे आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांची, मग त्यांचे साध्या राहणीसाठी प्रसिद्ध असलेले जावई हजरत अली यांची. अलींची स्तुती मात्र काही संपेना, आणि सुलतानाचं डोकं फिरलं.

"काव्य माझं आणि कौतुक दुसऱ्याचं? तिथलं नाव खोड आणि माझं घाल. नाहीतर जीभ छाटीन!"

"जशी आज्ञा," म्हणत रूहुल्लाने तिथल्या तिथे लेखणी चालवली आणि खणखणीत आवाजात वाचू लागला, "आमचा सुलतान जन्मभर जवाची कोरडी भाकर खातो!"

दरबारी चक्रावले. वाहवा म्हणावं की मान खाली घालावी? एकाने तर तोंडातली वाहवा अर्ध्यावरच गिळली.

"आमचा सुलतान फाटकी चप्पल स्वतःच्या हाताने शिवतो! नमाजात वाकलेला असताना याचक आला, तर बोटातली अंगठी काढून देतो!"

सुलतानाने गडबडून हिऱ्याची अंगठी मुठीत लपवली. "अरे, हे काय भलतंच?"

"हुजूर, मी फक्त नाव बदललं. अंगरखा अलींच्या मापाचा शिवलेला आहे. बाहेर याचक उभेच आहेत, बोलावू? आणि मुदपाकखान्यात भाकरीचं सांगू?"

सुलतानाने मूठ आणखी घट्ट आवळली. मग पुटपुटला, "आधीचंच नाव राहू दे."

तेव्हा कुठे ती गिळलेली वाहवा बाहेर पडली.