शर्यत जिंकणारा काळवीट आणि गवतातली पाडसे

एका माळरानावर काळविटांचा एक कळप राहत असे. लांडगा दिसताच गवतात निश्चल कसे पडून राहावे, हे त्या कळपातील पाडसांना शिकवण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे माळावरच्या टिटवीकडे होते. माझा धडा नीट गिरवलेले एकही पाडस लांडग्याला कधी सापडले नाही.

कळपातील एक काळवीट दर वर्षी शर्यत जिंकत असे. केवळ धावण्याबद्दल पाणवठ्याजवळचे कोवळे गवत त्याच्यासाठी राखलेले असे. पाडसे त्याच्यासारखी मान ताठ ठेवीत, त्याच्यासारख्या उड्या मारीत आणि माझ्या धड्याला चुळबुळत. "बाई, पडून राहून कोणी पहिला आलाय का?" एका पाडसाने विचारले, तेव्हा बाकीची खिदळली.

एके सकाळी लांडगा आला. मी ओरडले आणि काळवीट उधळला. त्याला पाहून तेच पाडस गवतातून उठले आणि त्याच्यामागे धावू लागले. लांडग्याचे दात पाडसाच्या पायाला लागले. आईने मध्ये उडी घेऊन लांडग्याला आपल्या मागे नेले, म्हणूनच ते वाचले.

लांडगा निघून गेल्यावर आई काळविटाला म्हणाली, "भावोजी, तुमच्यापायी माझे लेकरू गेले असते!"

"वहिनी, मी त्याला बोलावले होते का? मी धावतो. पोरांना वळण लावणे माझे काम नव्हे."

"राखीव गवत मात्र चवीने खाता!" एक म्हातारी हरिणी म्हणाली.

मी म्हणाले, "धावणे हेच त्याचे काम, हे खरे आहे. पण पाडसे त्याच्याकडेच पाहतात. त्याने एकदा त्यांच्यादेखत लपून दाखवावे."

काळवीट गवतात बसला. त्याची शिंगे वर राहिली, शेपूट हलत राहिले. "काका, तुम्ही सगळेच्या सगळे दिसताय!" पाडसे ओरडली. मग जखमी पाडस शेजारी आडवे झाले आणि पाहता पाहता दिसेनासे झाले. काळविटाने पुष्कळ शोधले. त्याला ते सापडले नाही.

"हे मला येत नाही," तो पाडसांना म्हणाला. "पायांत बळ आले की माझ्याकडे या. तोवर बाई सांगतील तसे करा."

शर्यतीचे कौतुक सर्वांनी करावे, मात्र पायांत बळ येईपर्यंत पाडसांनी टिटवीचेच ऐकावे, असे ठरले. आयांनी ते तत्काळ मान्य केले, काळविटाने थोडे थांबून. पाडसांना कोणी विचारले नाही.

तात्पर्य : खेळाडूच्या खेळाचे मनापासून कौतुक करावे, परंतु वागावे कसे, हे आपली काळजी वाहणाऱ्यांकडून शिकावे.