अंगठीतून जाणारी मलमल

नातवाच्या बारशाला रावसाहेबांनी काळा बनातीचा कोट चढवला होता. त्यांची सून यमू हिच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, बाळंतविड्यात मलमलीची दुलई आणली होती. रावसाहेबांनी ती दोन बोटांत धरली.

“विहीणबाई, ही मलमल म्हणायची की जाडाभरडा मांजरपाट?”

मग त्यांनी स्वतः शिवून घेतलेली दुलई मागवली आणि तिचंच उरलेलं कापड अंगठीतून सर्रकन ओढून दाखवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

यमूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने ती म्हणाली, “मामंजी, आईला कापडातलं काही कळत नाही. मी तिची दुलई आत नेऊन ठेवते.”

अन्नपूर्णाबाई लेकीकडे न बघता म्हणाल्या, “रावसाहेब, तुमची दुलई जरा खांद्याशी धरा, नातवाला घेता तशी. आणि थोपटा.”

रावसाहेबांनी ऐटीत थोपटली. दुलई खाली घेतली, तर कोटावर कापसाचे पांढरे तंतूच तंतू. दुसऱ्या खांद्यावर त्यांनी विहीणबाईंची दुलई थोपटली. तिथे कोट काळाच राहिला.

“अंगठीतून कापड जातं, तसा त्या कापडातून कापूसही जातो,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “बाळाच्या नाकातोंडात जायचा. म्हणून मी घट्ट विणीची घेतली.”

रावसाहेब कोट झटकत पुटपुटले, “सूनबाई, आईचीच दुलई पाळण्यात घाला.”

यमूने ती उचलली. आई दुसरं टोक धरून नीट अंथरू लागली. यमूला मात्र मान वर करवेना.