पाणकोंबडीचे अळू आणि बांधातले भोक

एका डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल दाट होते पण पाणी बेताचेच होते, तिथे एक पाणकोंबडी राहत असे. अंगाने काळी, छातीवर पांढरी, आणि राग आला की शेपटी झटकणारी. राग तिला वरचेवर येई. पण मुलांनो, तिला नावे ठेवण्याआधी एवढे ऐका. मागच्या उन्हाळ्यात ओढ्यातला डोह आटला. काठचे गवत वाळले, गवतातले किडे आणि गोगलगायी नाहीशा झाल्या, आणि तिची चिमुकली पिल्ले उपासाने गेली. तेव्हापासून पाणी कुठे सांडताना दिसले की ती धावत जाऊन ते अडवू बघे.

यंदा अंडी घालण्याआधीच तिने ठरवले, "डोहाच्या भरवशावर राहायचं नाही. पाणी मीच साठवीन आणि पिल्लांचं खाणंही मीच लावीन." एका कातळाच्या फटीतून बारीक झरा वाहत होता. त्याखाली रानडुकरांनी कधीकाळी लोळून लोळून खड्डा केला होता. त्यातली माती त्यांच्या वजनाने इतकी दबली होती की पाणी मुरतच नसे. पाणकोंबडीने चोचीने चिखल आणून उताराच्या बाजूला बांध घातला. ओढ्याकाठचे अळवाचे कंद उकरले, ओढत ओढत आणले आणि कडेने लावले. मधल्या उथळ पाण्यात पाण्यावरच पसरणारी नाळीची भाजी सोडली. कच्चे अळू खाऊन तिचा घसा कसा खवखवत नाही, हे मात्र मला विचारू नका. आपण वड्या करून खातो, तिला कोवळे कोंब तसेच आवडतात.

बाग छान धरली. तुमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर अळू माजते ना, तसे ते माजले. अंडी फुटली आणि काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्ले पानांखाली पळू लागली. त्याच सुमारास त्या ओढ्यातला एक म्हातारा खेकडा बांधात राहायला आला. आता खेकडा म्हटला की बीळ आलेच. त्याने बांधाच्या निम्म्या उंचीवर एक भोक पाडले आणि त्यातून पाण्याची बारीक धार खाली वाहू लागली.

"अहो खेकडोबा, हे काय चालवलंय?" पाणकोंबडी धावत आली. "माझं सगळं पाणी चाललं की खाली!"

"सगळं कुठे, पोरी? काडीएवढी तर धार आहे," खेकडा म्हणाला. "माझं अंग सुकलं की मला श्वास घेता येत नाही. आणि वरून झरा येतोच आहे."

"आज येतोय. उद्या आला नाही तर?"

मग हे रोजचेच झाले. ती सकाळी भोक बुजवी, तो दुपारी पुन्हा उकरी. बेडकांची फुकट करमणूक झाली. शेवटी एक दिवस पाणकोंबडीचा तोल सुटला आणि 'अहो'चे 'अरे' झाले. "चालता हो इथून! माझ्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवतोस!" ती ओरडली. खेकड्याने तिच्याकडे पाहिले, तिच्या पिल्लांकडे पाहिले आणि तो तिरका तिरका बांधाखाली निघून गेला. पाणकोंबडीने भोकावर चपटा दगड लावला आणि वर चिखल थापला.

खड्डा काठोकाठ भरला. ती पिल्लांना म्हणाली, "बघा, आता एक थेंबही वाया जायचा नाही." पण ऊन वाढले तसा झरा आणखी बारीक झाला, येई तेवढे पाणी उन्हाने आटू लागले आणि साचलेले तापू लागले. त्यावर हिरवट साय धरली, घाण वास सुटला. अळवाची पाने पिवळी पडली आणि देठ मुळाशी कुजले. मग सगळ्यात धाकट्या पिल्लाने खाणे सोडले. ते डोळे मिटून बसून राहू लागले. पाणकोंबडी घाबरून गेली. पाणी तर भरपूर होते, मग तिच्या लेकराला झाले तरी काय?

त्याच्यासाठी एखादा ताजा किडा मिळतो का, हे शोधत ती बांधाखाली उतरली. खाली जमिनीला भेगा पडल्या होत्या. एवढ्याशा तुकड्यात मात्र अळवाचे हिरवे कोंब उभे होते. म्हातारा खेकडा खोल बिळातला ओला चिखल नांगीत धरून वर आणत होता आणि कोंबांच्या मुळाशी लावत होता. त्याची पाठ कोरडी पडली होती आणि त्याला धाप लागली होती.

"हे अळू कुठलं?" तिने विचारले.

"तुझंच. धारेबरोबर कंदाचे तुकडे वाहून आले होते. म्हटलं, पिल्लं मोठी झाली की वरची जागा पुरायची नाही, म्हणून लावून ठेवले."

"आणि मी तुमचंच पाणी तोडलं!" पाणकोंबडीला रडू फुटले. "मला चार शब्द सुनावायचे होतेत ना!"

खेकडा म्हणाला, "ज्या आईची लेकरं तहानेच्या दिवसांत गेली, तिच्याशी पाण्यावरून काय भांडायचं, पोरी?"

पाणकोंबडी तशीच वर धावली आणि तिने दगड ओढून काढला. कुबट पाणी भसाभस खाली गेले. खड्ड्यातले पाणी उतरत चालले तसा तिचा जीव वरखाली होऊ लागला. पण भोकापर्यंत येऊन ते थांबले, आणि वरून झऱ्याचे स्वच्छ पाणी त्यात मिसळू लागले. संध्याकाळी धाकट्या पिल्लाने डोळे उघडून त्यात चोच बुडवली. वरचे अळू बहुतेक कुजले होते. तेव्हा खेकड्याने खालचे कोंब काढून दिले आणि दोघांनी मिळून ते पुन्हा लावले.

आता त्या बागेत दोन मजले आहेत, वर पाणकोंबडीचा आणि खाली खेकड्याचा. पाणकोंबडी अजूनही रोज सकाळी उठल्याबरोबर बांधाकडे धावते आणि भोकात चोच घालून बघते. ते चिखलाने बुजले तर नाही ना, एवढीच तिला काळजी असते.

तात्पर्य : उद्याच्या भीतीने सगळेच अडवून ठेवले तर ते आपल्यापाशीच नासते, शेजाऱ्याकडे थोडे वाहू दिले तर दोघांचीही बाग हिरवी राहते.