घरचं सांभाळून

परवा शेजारच्या कुमुदकाकू माझ्या चार वर्षांच्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "शिकव हो तिला हवं तेवढं. फक्त घरचं सांभाळून." माझी झोपच उडाली. पोरगी अजून चपला उलट्या घालते आणि मी तिच्या विद्यापीठाच्या काळजीने कूस बदलतेय! शेवटी सकाळी वरणभात भरवताना तिला ही गोष्ट सांगितली. मला गोष्टी सांगता येतात असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, तरीही.

एका राजाने विद्यापीठ काढलं. कासाराची सगुणा दारात जाऊन उभी राहिली. "मलाही शिकायचंय."

"शीक की," राजा म्हणाला. "आम्ही कुठे नाही म्हणतो? फक्त घरचं सांभाळून. दुपारी घरच्यांची पानं वाढलेली हवीत. एकदा जरी चुकलं, तरी तुझं नाव कमी."

प्रधान गालात हसला. पाठ सकाळी सुरू व्हायचे ते ऐन जेवणवेळेला सुटायचे. मग रांधायचं कधी? राजे उदार असतात, परवानगी देतात. वेळ देत नाहीत.

"आणि या मुलांचं जेवण?" सगुणेने विचारलं.

"ती माधुकरी मागतात. झोळी घेऊन दारोदार जायचं, बायका शिजवलेलं वाढतात. विद्यार्थीच चुलीपुढे बसला तर विद्या कशी येणार?"

"खरंच, कशी येणार," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाठ सुटल्यावर तिनेही झोळी काढली आणि मुलांच्या रांगेत शिरली. मिळालेली भाकरी-आमटी घरी नेऊन बापाच्या पानात वाढली. पाठ झाला, पानही भरलं. प्रधानाला बोट ठेवायला जागा मिळेना.

गावातल्या बायका बघतच होत्या. आधी लेकी आल्या, मग सुना, मग सुनांवर लक्ष ठेवायला म्हणून सासवा. एके दुपारी विद्यार्थी झोळ्या घेऊन निघाले, तर घराघराला कड्या आणि चुली थंड. सगळा लवाजमा राजवाड्यापुढे येऊन थांबला. सगुणा सर्वांत पुढे.

राजा गरजला, "घरदार सोडून भीक मागता?"

"माधुकरी म्हणतात महाराज. मुलं मागतात तेव्हा तरी तेच म्हणतात. विद्यार्थ्यासाठी रांधणारी दुसरी कुणीतरी असते, हा विद्येचा पहिला धडा. आम्ही तो नीट गिरवला. फक्त आता गावात ती दुसरी उरली नाही. ती वर्गात बसलीय."

मागे कुणाचं तरी पोट गुरगुरलं. राजा आधी लाल झाला, मग जो हसत सुटला तो थांबेचना. "हरलो, पोरी!"

पानांची अट तिथेच मोडली. सगुणेला हवी तितकी वर्षं शिकायची सनद मिळाली. विद्यापीठात मुदपाकखाना निघाला. भाकऱ्या सगळ्यांनी पाळीपाळीने थापायच्या, पहिली पाळी प्रधानाची. आणि त्या दुपारी राणीने स्वतः पदर खोचून सगळ्यांच्या झोळ्या भरल्या.

बरी जमली की, मला वाटलं. पोरीने घास गिळला आणि विचारलं, "मग राणी कधी गेली शाळेत?"